दिव्याचे टेबल

एप्रिलमधल्या त्या गुरुवारी व्हर्ना होबार्टच्या स्वयंपाकघरात सकाळपासून केकच केक होते. ओट्यावर केक, खिडकीत केक, शिवणाच्या मशीनवर चादर टाकून त्यावरही केक. तिच्या दोन्ही मुली टेबलाशी बसून आयसिंगच्या भांड्यांना लागलेले गोड खरवडून खात होत्या, आणि व्हर्ना दर थोड्या वेळाने न बघताच म्हणत होती, "पुरे गं आता, दात पडतील."

दुसऱ्या दिवशी ऑल्डर्टनमध्ये खांद्याचा शुक्रवार होता.

ओहायोतल्या या गावात एक कागदाची गिरणी आहे, दोन चर्च आहेत आणि टेकडीवर मुलींचे कॉलेज आहे. कॉलेजात हुशार आणि सुशील मुलींचे दीपमंडळ आहे. ज्यांनी ते स्थापन केले त्यांनी हुशारी गुणांवरून ठरवावी असे लिहून ठेवले. सुशीलपणा कशावरून ठरवायचा ते लिहायचे मात्र राहून गेले. ही गोष्ट १९६० सालची आहे. तोवर पन्नासेक वर्षे ती जागा रिकामीच होती, आणि तिथे जो तो आपल्याला हवे ते भरत आला होता.

दरवर्षी त्या शुक्रवारी दुपारच्या जेवणाला मंडळातल्या शेवटच्या वर्षाच्या मुली काळे झगे घालून भोजनगृहात येतात. कोणी बोलत नाही. खुर्च्यांच्या मागून त्या संथ फिरतात आणि खालच्या वर्गातल्या निवडलेल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवतात. ती उठून त्यांच्या मागे जाते. ज्यांच्या खांद्यावर हात पडत नाही त्यांना पुडिंग मिळते.

यात आणखी एक गंमत होती. गुणांच्या यादीत नाव असलेल्या प्रत्येक मुलीचे घर आदल्या दिवशीच व्हर्नाकडे केक सांगून ठेवी. वर मुलीचे नाव आणि पिवळ्या साखरेचा दिवा. निकालानंतर केक सांगितला तर पोरीवर घरच्यांचाच भरवसा नव्हता असे दिसले असते, आणि ऑल्डर्टनमध्ये कसे दिसते याला फार महत्त्व होते. त्यामुळे शनिवारी सकाळी गावातल्या बऱ्याच घरांत नाव खरवडलेला केक न्याहारीला असे. त्याबद्दल कोणी बोलत नसे.

दुपारी लाइल होबार्ट आपले केशकर्तनालय बंद करून जेवायला आला आणि त्या सगळ्या केकांमधून वाट काढत म्हणाला, "यात आपला कुठला? का घरच्यांना नुसता वासच?"

"खिडकीतला मोठा," व्हर्ना म्हणाली.

त्यावर दोन नावे होती, नेड्रा आणि कॉरिन. खाली दिवा एक.

"पोरी दोन आणि दिवा एकच?"

"एका घरात दोन दिवे जाळायला वीज काय फुकट येते?" व्हर्ना म्हणाली, आणि स्वतःच हसली. ती फार खुशीत होती. ऐन तारुण्यात ती स्वतः दोन वर्षे त्या कॉलेजात होती. तेव्हा तिचा केक तिच्या आईने केला होता. त्या केकचे पुढे काय झाले ते मुलींना माहीत नव्हते, आणि त्यांनी कधी विचारलेही नव्हते.

नेड्रा दीड वर्षाने मोठी. लहानपणी संधिवाताच्या तापाने तिचे शाळेचे एक वर्ष गेले आणि हृदयाची एक झडप कायमची सैल झाली, म्हणून दोघी बहिणी एकाच वर्गात. नेड्रा जिना चढली की तिचा श्वास शेजारच्याला ऐकू येई. बाकी तिला मास्तरीण व्हायचे होते, आणि खरे म्हणजे ती झालेलीच होती, कारण कॉरिनच्या डोक्यात बीजगणित जे काही शिरले ते तिनेच शिरवले होते.

"आणि उद्या एकीच्याच खांद्यावर हात पडला तर?" लाइलने सूप भुरकत विचारले.

"अशुभ बोलू नका."

"विचारतोय नुसतं. न्हाव्याला सगळ्या बाजू बघाव्या लागतात."

"तर मी कॉरिनच्या मानगुटीवर बसून आत जाईन," नेड्रा म्हणाली. "नाही तरी टेकडी चढताना मला दम लागतोच."

*

दुसऱ्या दिवशी काळे झगे आत आले तेव्हा दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. त्या दिवशी यादीतल्या सगळ्याच मुली एका विशिष्ट पद्धतीने बसतात. पाठ ताठ, नजर ताटात, आणि एक खांदा अगदी किंचित वर उचललेला, हात ठेवणाऱ्याला वाकावे लागू नये म्हणून. असे बसायला कोणी शिकवत नाही.

हात कॉरिनच्या खांद्यावर पडला. उठताना तिने पाहिले, नेड्राचा खांदा अजून वरच होता. झगे पुढे गेले, दार बंद झाले, तरी तो तसाच होता.

संध्याकाळी व्हर्नाने सुरी गरम पाण्यात बुडवून केकवरचे पहिले नाव खरवडले आणि त्या जागी पांढरा थर सारखा केला. हात सराईत होता. खूण राहिली नाही.

"राहू द्यायचं होतंस," नेड्रा म्हणाली. "मी माझ्या नावाचा तुकडा खाल्ला असता. तेवढंच पोटात गेलं असतं."

"गप्प बस," व्हर्ना म्हणाली आणि सुरी धूत बराच वेळ नळाशी उभी राहिली.

होकार कळवायला आठवडा होता. पुढच्या रविवारी मुलीच्या आईने चॅपेलमध्ये येऊन तिच्या हातातला दिवा पेटवायचा, म्हणजे होकार. दिवा पेटला की पुढचे सगळे वर्ष ती मुलगी दुपारी दिव्याच्या टेबलावर जेवणार, इतर कुठे नाही, आणि इतर कोणी तिथे बसणार नाही. मंडळाच्या बैठकीत काय झाले ते ती बाहेर बोलणार नाही. मंडळाच्या मार्गदर्शक थॉर्नक्विस्टबाई हे सांगताना फार गोड हसल्या होत्या. "सख्ख्या रक्ताच्या माणसाशीसुद्धा नाही हं," त्या म्हणाल्या होत्या, आणि मग कॉरिनच्या गालाला हलकेच हात लावला होता.

"म्हणजे जेवायला वेगळी पंगत," लाइल म्हणाला. "आणि मिळतं काय त्या दिव्यानं?"

"नोकरी मिळते," व्हर्ना म्हणाली. "जिल्ह्याच्या शाळांत आजवर कोण लागलं ते बघा. एकजात सगळ्या दिवेवाल्या. शाळाधिकाऱ्याची बायको दिवेवाली, ती दुसरीला घेऊच देत नाही."

"मग तो दिवा नाही, तिकीट झालं."

"तिकीट तर तिकीट. गाडीत बसायला मिळाल्याशी कारण."

"मी नाही बसणार," कॉरिन म्हणाली. "ज्या टेबलावर नेड्राला जागा नाही तिथं माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. माझे गुण तिच्यापेक्षा कमी आहेत, आई. सगळ्या वर्गाला माहितेय."

व्हर्ना उठून आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. नेड्राने बहिणीचे मनगट धरले आणि तिला मागच्या पायरीवर नेले.

"वेडी आहेस का गं तू? तू नाही म्हणालीस तर मला घेणारेत का?"

"नाही."

"मग? दोघींनी बाहेर बसायचं आणि एकमेकींची तोंडं बघायची? आणि आईनं काय करायचं? हॅट बाहेर काढलीय तिनं. आत्ता, या क्षणी, ब्रश मारत बसलीय."

"तुला काहीच वाटत नाही?"

पायरीवर बसल्या बसल्याही नेड्राचा श्वास ऐकू येत होता. "वाटतं ना. सगळ्या गावासमोर त्या टेबलावर एक पुडिंगची बशी फोडावीशी वाटते. पण मग बशी भरून द्यावी लागेल. तू जा. आत जाऊन बघ तरी, काय चाललंय ते."

त्या रात्री कॉरिनला एक विचार सुचला. पुढच्या वर्षी मुली निवडणाऱ्यांत आपणच असू. आपण आत जाऊ आणि नेड्रासारख्या मुलींसाठी दार उघडू. मग आपले जाणे हा स्वार्थ ठरत नाही, उलट जाणे हे कर्तव्यच ठरते. हा विचार फार सुंदर आहे. तो ज्याला सुचतो त्याला तो जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला असे वाटते, आणि ज्या कुठल्या बंद दारांच्या आत माणसे आरामात बसलेली आहेत, त्यांतली निम्मी तोच विचार करून आत गेलेली असतात.

रविवारी व्हर्नाने हॅट घालून दिवा पेटवला. पहिल्या तीन काड्या वाया गेल्या. नेड्रा मागच्या बाकावर होती. टाळ्या वाजवण्यात सगळ्यांत जोर तिचाच होता.

*

शेवटचे वर्ष सुरू झाले. सप्टेंबरमध्ये नेड्रा दुपारी भोजनगृहातच बसे, तीन टेबले सोडून. बहिणी दुरून एकमेकींना भुवया उडवून दाखवत. ऑक्टोबरमध्ये तिच्या आसपासच्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. कोणी वाळीत टाकले नव्हते. बहीण आत आणि ही बाहेर, म्हणजे हिच्यात काहीतरी असणार, एवढाच विचार लोकांनी केला, आणि तो मनातल्या मनात केला म्हणून त्याला उत्तरही देता येईना. नाताळपर्यंत नेड्रा सँडविच घेऊन धुलाईघराच्या जिन्यात जेवायला लागली होती. नाताळानंतर ती कॉलेजात परत गेली नाही.

"झडपेनं सांगितलं," ती म्हणे. "ती म्हणाली टेकडी पुरे."

तिला टेलिफोन केंद्रात काम मिळाले. कानाला यंत्र लावून ती दिवसभर म्हणे, "नंबर सांगा." सगळ्या ऑल्डर्टनला ती एकमेकांशी जोडून देई, आणि शाळाधिकाऱ्याच्या बायकोचा आवाज तिला पहिल्या शब्दाला ओळखू येई.

कॉरिन दिव्याच्या टेबलावर जेवत होती. सुरुवातीला घास अडकला. मग अडकेनासा झाला. तिथे कापडी रुमाल असत आणि रस्सा गरम येई. ती स्वतःला सांगे, एप्रिल येऊ दे.

एप्रिल आला. बुधवारी दुपारी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत पडदे ओढून मंडळ बसले. प्रत्येकीला एक पांढरी आणि एक काळी गोटी देण्यात आली. मधोमध झाकणाला भोक असलेली लाकडी पेटी. नावाची चर्चा व्हायची, मग मूठ भोकात घालून एक गोटी सोडायची. एक जरी काळी निघाली तरी नाव गेले.

हा नियम कॉरिनने ऐकला होता. पण गोट्या तळहातावर आल्या तेव्हा तो तिला पहिल्यांदा समजला. तिची पांढरी गोटी कोणालाही आत आणू शकत नव्हती. सगळ्याजणींची मिळून आणू शकली असती, तिची एकटीची नाही. तिला एकटीला करता येण्यासारखे एकच काम त्या खोलीत होते, ते म्हणजे कोणाला तरी बाहेर ठेवणे.

पहिले नाव फे टटलचे निघाले. वर्गात पहिली. आई धुलाईघरात कपडे पिळणारी. स्वतः फे दुपारी भोजनगृहात ताटे वाढून फी भागवत असे.

"मुलगी लाखात एक आहे," एकजण म्हणाली.

"प्रश्नच नाही. पण आपल्या टेबलावर वाढते ती. बसली तर वाढणार कोण?"

"आणि वाढलं तर बसणार कशी? बिचारीची किती पंचाईत होईल."

"तिच्या हातांना सोड्याचा वास येतो, पण ते जाऊ दे. मी आपली तिच्याच भल्यासाठी बोलतेय."

"ती सगळी ताटं उचलून मग अभ्यास करते आणि तरी तिच्या वर्गात सगळ्यांच्या पुढे असते," कॉरिन म्हणाली. "सुशीलपणा म्हणजे दुसरं काय असतं?"

"किती छान बोललीस," थॉर्नक्विस्टबाई म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. पेटी फिरली. आत एक काळी गोटी होती. कोणाच्या चेहऱ्यावर काही नव्हते. बाईंनी पुढचे नाव घेतले.

ज्युडिथ आर्मब्रस्टर. तिचे वडील कॉलेजच्या विश्वस्तांत होते. गुण कसेबसे यादीत बसलेले. चर्चेत तिचे केस फार सुंदर आहेत असे कोणीतरी म्हणाले आणि चर्चा संपली.

पेटी समोर आली तेव्हा कॉरिनने मूठ आत घातली. तिच्या मनात आले, एकच काम आहे ना आपल्याला, मग तेच करू. हिलाही नाही, पुढच्या नावालाही नाही, एकीलाही नाही. यंदा दिवाच पेटणार नाही. फेचे नाव पुन्हा पेटीसमोर येईपर्यंत. तिने काळी गोटी सोडली. ती लाकडावर आपटल्याचा आवाज तिला फार मोठा वाटला.

बाईंनी झाकण उघडले, आत पाहिले आणि हसल्या.

"कोणाचा तरी हात घसरला," त्या म्हणाल्या. "अंधार आहे ना खोलीत. पुन्हा घेऊ."

"बाई," कॉरिन म्हणाली, "फेच्या वेळी घसरला नसेल कोणाचा?"

"नाही गं. तेव्हा मला तसं वाटलं नाही."

"आणि गेल्या वर्षी? माझ्या बहिणीच्या वेळी?"

थॉर्नक्विस्टबाईंनी गोट्या पुन्हा वाटायला घेतल्या. कॉरिनच्या तळहातावर ठेवताना त्यांनी तिची बोटे आपल्या हाताने मिटली, आजारी मुलाला औषधाची गोळी द्यावी तशी. "तुझ्या बहिणीच्या वेळी हात चांगला स्थिर होता, बाळ. आणि तुझं शाळेच्या नोकरीचं पत्र माझ्याच सहीनं जायचंय ना या आठवड्यात? आठवण कर हं मला."

पेटी फिरली. आठ मुलींचे डोळे कॉरिनच्या मनगटावर होते. तिने मूठ आत घातली, आणि तिथे, कोणालाही दिसणार नाही अशा त्या अंधारात, तिच्यावर कसलीच सक्ती नव्हती. म्हणून तर ती पद्धत आहे. तिने पांढरी सोडली.

*

गुरुवारी स्वयंपाकघरात पुन्हा केकच केक होते. नेड्रा कामावरून येऊन पाय वर घेऊन बसली होती. व्हर्नाच्या हातात पिवळ्या साखरेची पिशवी होती. गेल्या वर्षीपासून तिने एक बदल केला होता, नावे ती अगदी शेवटी घालत असे.

"टटलबाई आल्या होत्या," ती म्हणाली. "हॅट घालून. केक सांगायला कोणी हॅट घालून येतं? तीन वेळा विचारलं मला, नाव मोठं येईल ना, लांबून वाचता येईल ना. घालू ना गं कॉरिन?"

कॉरिन खिडकीबाहेर बघत होती. "थांब" एवढा एक शब्द होता. तो बोलला असता तर टटलबाईंची उद्याची संध्याकाळ वाचली असती. तो शब्द बोलायचा नाही अशी शपथ होती, आणि नोकरीचे पत्र अजून गेलेले नव्हते. दोन्हीपैकी कशामुळे आपण गप्प आहोत हे तिचे तिलाही नीट सांगता आले नसते.

"कॉरिन, तुला विचारतेय."

"मला सांगता येत नाही, आई."

व्हर्नाचा हात केकवर तसाच थांबला. तिला कळले, आणि मग कळले नाही असे तिने ठरवले. एवढी वर्षे त्या गावात केक करून ते तिला जमू लागले होते. नेड्रा उठली, आईच्या हातातून पिशवी घेतली आणि फेचे नाव स्वतः घातले, मोठे, ठसठशीत, लांबून वाचता येईल असे. खाली दिवा काढला नाही.

"अगं, दिवा?" व्हर्ना म्हणाली.

"नको. नाव खरवडावं लागणार नाही, असा केक आहे हा. नाव तिचं आहेच की." मग बहिणीकडे न बघता ती म्हणाली, "आत जाऊन बघ म्हणाले होते मी. बघितलंस?"

"बघितलं."

"मग काय आहे आत?"

कॉरिनने तोंड उघडले आणि मिटले. नेड्राने थोडी वाट पाहिली, मग मान हलवली, जणू पलीकडून नंबर लागत नाही असे कोणाला तरी सांगते आहे.

शुक्रवारी दुपारी काळे झगे भोजनगृहात आले. त्या दिवसापुरती फे टटल वाढायला नव्हती. यादीतल्या मुलींना त्या दिवशी बसून जेवायची मुभा असते. कोणाचा तरी उसना घेतलेला निळा स्वेटर तिने घातला होता, हात मांडीवर लपवले होते. धुलाईघराकडच्या दारातल्या काचेला नाक लावून टटलबाई उभ्या होत्या.

ज्युडिथ आर्मब्रस्टरची खुर्ची फेच्या पलीकडेच होती. तिच्या खांद्यावर हात ठेवायचे काम थॉर्नक्विस्टबाईंनी कॉरिनकडे दिले होते. तिथे जायला फेच्या मागूनच जावे लागत होते.

फेची पाठ ताठ होती. नजर ताटात होती. उजवा खांदा किंचित वर उचललेला होता, कोणाला वाकायला लागू नये म्हणून. कॉरिन तिच्या मागे आली तेव्हा तो खांदा आणखी केसभर वर आला. हात कमरेपासून जेमतेम वीतभर वर न्यायचा होता. सगळ्यांसमोर एकदा पडलेला हात कोणी परत उचलू शकले नसते, आणि नंतर विचारलेच असते तर सांगायला कारणही तयार होते, बाईंनीच पेटीपाशी दिलेले.

वाचकहो, आपापल्या गावातले असे टेबल आठवून बघा, आणि त्याच्या मागून चालताना आपला हात कुठे होता तेही.

कॉरिनचा हात घसरला नाही.